आसगावचा लाकडी बैल आणि ताईची पदवी

मागच्या रविवारी फोनवर तू विचारलंस, "आजी, चित्रकलेची डिग्री घेऊन पोट भरतं का?" मागून तुझी आई काहीतरी बोलली आणि तू विषय बदललास. असल्या प्रश्नाचं उत्तर फोनवर देता येत नाही, म्हणून लिहिते आहे. तुझ्या धाकट्या भावालाही वाचून दाखव. त्याचं मराठी वाचन अजून अडखळतं, हे मला माहीत आहे.

सगळ्यांच्या पदव्यांचं काय होतं ते मला ठाऊक नाही. एका मुलीचं ठाऊक आहे. ती म्हणजे तुमची पवनीची ताई, माझ्या पुतण्याची मुलगी. आमचं अंगण एकच आहे, त्यामुळे तिच्या घरात मोठ्यानं बोललेलं मला माझ्या खोलीत ऐकू येतं आणि हळू बोललेलं ती स्वतः येऊन सांगते.

तिचे पणजोबा हातमागावर धोतरं विणायचे. आजोबांनी विणलंही आणि विकलंही. वडील फक्त विकतात. बाजाराच्या रस्त्यावर त्यांचं कापडाचं दुकान आहे, ते तुम्ही पाहिलं आहे. ताई नागपूरला चार वर्षं चित्रकला शिकली आणि पदवी घेऊन गेल्या उन्हाळ्यात परत आली. बरोबर एक ट्रंक होती आणि दाराएवढी मोठी चित्रांची फाइल. ती फाइल आमच्या कुठल्याच कपाटात बसेना. शेवटी माझ्या पलंगाखाली सरकवली.

आठ दिवसांतच माझा पुतण्या माझ्याकडे येऊन बसला. ताई दारातच उभी होती.

"काकू, तुम्हीच सांगा. दुकानात गिऱ्हाईक विचारते, पोरगी काय करते. मी काय सांगू? भिताडं रंगवते म्हणून सांगू?"

"बाबा, भिताडं रंगवनाऱ्याले रोजी तरी भेटते," ताई म्हणाली.

तो हसला, पण हसून झाल्यावर त्यानं ठरवलेलं सांगितलंच. "दिवाळीपर्यंत पाहू. नाही जमलं तं भंडाऱ्याले बँकेच्या परीक्षेचा क्लास लावून देतो. मामाच्या घरी राहाजो, अभ्यास करजो."

त्याचं चुकत होतं असं मला वाटलं नाही. तो कंजूस नाही आणि कडकही नाही. गिऱ्हाइकाला कापड फाडून दिल्यावर ते परत घ्यायचं नसतं, हे जन्मभर पाळलेला माणूस आहे. चार वर्षं फाडून दिली होती. त्यांचं काय शिवायचं, ते त्याला कळत नव्हतं.

ताई मात्र नंतर माझ्याजवळ बोलली. "आजी, मले बँकेचा राग नाही. पण एकदा तिथं गेली ना, मंग हात जाते. माझ्या मैत्रिणीचा गेला. ती म्हणते, आता पेन्सिल धरली तं परक्या मानसाचा हात धरल्यासारखं वाटते."

तिला हात घालवायचा नव्हता आणि इथेच राहायचं होतं. दोन्ही गोष्टी दिवाळीच्या आत जमवायच्या होत्या.

मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं. मला जे येतं तेच मी तिला दिलं. जेवणाच्या टेबलावर कागद मांडून आम्ही तिची इंग्रजी ओळख लिहिली, चित्रांखाली मथळे लिहिले, कंपन्यांचे आणि शाळांचे पत्ते शोधले. तिनं लिहिलेलं मी दुरुस्त करायची, आणि दुरुस्त केलेलं वाचून ती हसायची. "आजी, ही कोन बाई आहे? हिले तं मीच काम देईन."

दुसऱ्या कोणी दिलं नाही. पुण्याच्या एका ऑफिसनं सहा महिने बिनपगारी यायला सांगितलं. इथल्या एका बॅनर छापणाऱ्यानं मात्र लगेच बोलावलं. पुढाऱ्यांच्या वाढदिवसांचे बॅनर कॉम्प्युटरवर जुळवायचे होते. थोडे दिवस ती गेली. संध्याकाळी आली की मी विचारायची, आज काय केलं?

"तिघं गोरे केले. एकाचं पोट कमी केलं."

एक दिवस ती गेली नाही आणि कोणी तिला जा म्हटलं नाही.

मग पोळा जवळ आला. तुम्ही लहान असताना एकदा तान्हा पोळा इथे पाहिला आहे, पण आठवत नसेल. पोळ्याला खरे बैल सजतात. दुसऱ्या दिवशी लहान मुलांचा पोळा असतो. प्रत्येक मूल आपला लाकडी बैल चाकांवर ओढत आणतं, दारोदार फिरवतं आणि बोजारा, म्हणजे खाऊ आणि चिल्लर, गोळा करतं. हे बैल घरोघरी जुने असतात. पोळ्याच्या आधी कोणीतरी हार्डवेअरच्या दुकानातून रंगाचा छोटा डबा आणतं आणि बैलाला एक हात मारतं.

ताईनं आमच्या घरचा बैल ओसरीवर बसून रंगवला. पांढराच रंगवला, पण पापण्या काढल्या, नाकाला ओल दिली, शिंगांच्या मुळाशी थोडी सावली टाकली. बाजाराला जाता-येता बायकांनी तो पाहिला. दुसऱ्या दिवसापासून पिशव्यांतून, टॉवेलात गुंडाळून बैल यायला लागले. ओसरीवर गोठा भरला. माझा पुतण्या दुकानातून जेवायला आला की त्यांच्यामधून पाय उचलून चालायचा. "अवो, ह्याहिले चारा कोन टाकते?" असं विचारायचा. त्याचा आवाज मला बरा वाटत होता.

त्यात आसगावचा बैल आला. एका शेतकरी घरातली आजी मुलाच्या मोटरसायकलवर मागे बसून, मांडीवर चादरीत गुंडाळलेला बैल धरून आली. माझ्या गुडघ्याएवढा उंच, पोटानं गोल, चेहरा कमरेतून वाकून पाहावा असा शांत. सासऱ्यांच्या काळातला होता. तिचे यजमान मागच्या हिवाळ्यात गेले. आतापर्यंत ते रंगवायचे, यंदा रंगवणारं कोणी नव्हतं.

"चांगला करून ठेव पोरी. नातू नेनार आहे," ती म्हणाली आणि गेली.

ताईनं बैल उलटसुलट करून पाहिला. त्याच्यावर रंगाचे इतके थर होते की कानांची टोकं बोथट झाली होती. ठिकठिकाणी पापुद्रे सुटले होते. कॉलेजात शिकवलेलं तिला पक्कं माहीत होतं. सुटलेल्या रंगावर नवा रंग टिकत नाही, आधी खालपर्यंत काढावा लागतो. ती पत्र्याच्या पातीनं हळूहळू खरवडायला लागली. एक पूर्ण बाजू, मानेपासून शेपटीपर्यंत, तिनं लाकडापर्यंत मोकळी केली. आत सागाचं लाकूड निघालं. पोटाच्या गोलाईवरून त्याच्या रेषा नदीच्या पाण्यासारख्या वळल्या होत्या. मी स्वतः चष्मा लावून पाहिलं आणि वा म्हटलं.

बाजाराच्या दिवशी ती आजी भाजीची पिशवी घेऊन डोकावली. "आमचा बैल पाहाले आली."

ताईनं मोठ्या हौसेनं वरचं फडकं काढलं.

आजीनं पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "हे काय केलं वो?"

"आजी, जुना रंग सुटून राहिला होता. तो काढल्याशिवाय नवा बसत नाही. आतलं लाकूड तं पाहा, किती सुंदर आहे!"

"लाकूड मी पाह्यलं आहे. सुताराकडून आनलं तवा मीच डोक्यावर घेऊन आली होती." तिनं मोकळ्या बाजूवर हात ठेवला आणि लगेच उचलला. "आमच्या घरी बैलाचा रंग काढत नाहीत, पोरी. वरतून लावतेत. दरवर्सी एक. बैल असा भरत जाते. लाकडाचा असला तरी वाढते तो. तू तं त्याचं मांस काढलं."

ताईच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

"मागच्या पोळ्याले त्यायनं पिवळा लावला होता," आजी म्हणाली. "खोकलत खोकलत लावला. मी म्हटलं, राहू द्या यंदा. तं ऐकलं नाही."

दुसऱ्या बाजूला पिवळा अजून होता. या बाजूला काहीच नव्हतं. मी चहाचं विचारलं. तिनं पाणी घेतलं, चहा नको म्हणाली. ताई म्हणाली, "आजी, बैल नेता का?" तर म्हणाली, "अर्धा कसा नेऊ?" आणि पिशवी उचलून गेली. तिनं रागाचा एक शब्द काढला नाही. काढला असता तर ताईला सोपं गेलं असतं.

बाजारात गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. संध्याकाळी शेजारची बाई आली. "तसं काही नाही वो, पोरगा मागून राहिला घरी," म्हणत आपला बैल काखेत मारून गेली. तिच्या मागून आणखी दोघी. एक गृहस्थ तर दुकानात जाऊन माझ्या पुतण्याला म्हणाले, "शेठ, आमच्या बैलाचं कातडं तरी वापस देजा."

रात्री जेवताना पुतण्या चिडला नाही. त्यानं भाताचा घास कालवत मला म्हटलं, "काकू, उद्या क्लासवाल्याले फोन करतो. आता दिवाळीची वाट कायले पाहाची?"

ताई ताटावरून उठली नाही. तिनं सगळं जेवण संपवलं, ताट धुतलं आणि ओसरीवर जाऊन दिवा लावला. ती काय करते ते मी खिडकीतून पाहिलं नाही. पाहावंसं वाटलं होतं.

सकाळी ती बैल चादरीत गुंडाळून माझ्या दारात उभी होती. "आजी, आसगावला चलता का? एकटीनं जायची हिंमत नाही होऊन राहिली."

आम्ही ऑटो केला. धानाची रोवणी आटोपली होती, दोन्ही बाजूंना धान हिरवं उभं होतं आणि गावाबाहेरची बोडी, म्हणजे छोटा तलाव, काठोकाठ भरली होती. त्या घरी आजी ओसरीवर लाखोळीची डाळ निवडत बसली होती. आम्हाला पाहून तिनं सूप बाजूला ठेवलं आणि चटई टाकली. तेवढं स्वागत पुरे होतं.

ताईनं बैल तिच्यापुढे ठेवला. "आजी, मले माफ करा. तुमाले न विचारता हात लावला. ही बाजू मले भरता येते. पण कोनता रंग कवाचा, ते तुमीच सांगू शकता."

मग तिनं बैलाची पाठ दाखवली. जिथे खरवडणं थांबलं होतं, तिथे कण्यालगत तिनं ओल्या पॉलिश पेपरनं कड तिरपी घासून गुळगुळीत केली होती. रात्री दिव्याखाली तिनं तेच केलं असावं. त्या कडेवर बोटभर रुंदीत सगळे थर एकाखाली एक दिसत होते, लुगड्याच्या काठातल्या रेघांसारखे. जुन्या चित्रांचे थर असे उघडून वाचायचे असतात, हे तिला कॉलेजात शिकवलं होतं.

आजी वाकली. तिला दिसेना. मी माझा चष्मा काढून दिला.

"हा पिवळा त्यायचा," ती म्हणाली. बोट खाली सरकलं. "हा निळा शाळेच्या खिडक्याचा. चोरीचा नाही हो, मास्तरनं देल्ला. हा हिरवा मोठीच्या लग्नातला. दरवाजे रंगवले, त्यातला उरला."

"पांढरा दोनदा आहे," ताई म्हणाली.

"त्या दोन वर्सी धान गेलं. चुना लावला नुसता. चुन्यानं पोट नाही भरत, पन पोळा कोरडा नाही जाऊ द्याचा."

"आनि हा काळा?"

"काळा बैलाले कोन लावते वो! घर गळत होतं, तं एक पावसाळा चुलीपाशी ठेवला होता. तो धूर आहे."

आतून हसण्याचा आवाज आला. सून दाराशी येऊन ऐकत होती. "गुलाबी दिसते का पाहा. मी लग्न होऊन आली त्या वर्सी मामंजीले म्हटलं, गुलाबी आना. तं त्यायनं खरंच आनला. सारं गाव हासलं."

गुलाबी होता. सूनबाईनंही वाकून पाहिला आणि सासूच्या खांद्यावर हात ठेवला. त्या दोघी आमच्याकडे न पाहता बैलाकडे पाहत राहिल्या, म्हणून मी सूप ओढून लाखोळी निवडायला घेतली.

शेवटी आजीनं विचारलं, "आनि काढलेलं कुठं फेकलं?"

"फेकलं नाही. काम पूर्ण होईपर्यंत काहीच फेकाचं नाही असं आमाले शिकवलं आहे. पिशवीत ठेवलं आहे सारं."

"मंग त्याचं त्यालेच लाव," आजी म्हणाली.

त्यानंतरचे दिवस आमच्या ओसरीवर एकच बैल होता. ताईनं ते पापुद्रे माझ्या खलबत्त्यात कुटले, जवसाच्या तेलात आणि खडूच्या भुकटीत मळले आणि त्या लगद्याचा पहिला हात मोकळ्या लाकडावर दिला. मग आजीनं सांगितलेल्या क्रमानं एकेक रंग, अगदी पातळ. गुलाबीवर हिरवा आला, हिरव्यावर निळा, आणि खालचा कायमचा झाकला गेला. हवा दमट होती, रंग वाळेना. ती केस वाळवायच्या मशीननं बैलाला वारा घालायची. पुतण्या येता-जाता बघायचा. एकदा म्हणाला, "खालचा रंग कोनाले दिसनार आहे?"

"त्याहिले माहीत आहे ना," ताई म्हणाली.

तो दुकानाकडे निघाला. त्याच्या वडिलांनी विणलेलं धोतर तो अजून उलटं करून पाहतो, मागची बाजू कशी आहे ते. मी त्याला ती आठवण करून दिली नाही. आणि क्लासवाल्याला फोन केलास का, हेही विचारलं नाही.

शेवटच्या पिवळ्यासाठी ताईनं दोन दिवस नुसतं दुसऱ्या बाजूकडे पाहिलं. मला दाखवलं, की आजोबांचा कुंचला शेपटीकडून डोक्याकडे चालला आहे, आपण सगळे उलटं करतो. पोटाशी मध्येच फटकारे तुटले होते. तिथे ते खोकायला थांबले असतील, असं ती म्हणाली. तिनं कुंचला शेपटीकडून चालवला. तुटलेले फटकारे मात्र तिनं काढले नाहीत. ती म्हणाली, ते त्यांचेच राहू देत, नक्कल करू नये.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आजी आली. तिनं डोळे मिटून बैलाच्या दोन्ही बाजूंवरून तळवे फिरवले. विकत घ्यायचा असला की खऱ्या बैलावरून फिरवतात तसे.

"ही बाजू अजून रोड आहे," ती म्हणाली.

"हो आजी. पातळ लावला आहे. जाड लावला असता तं सुटला असता."

"असू दे. भरंल." तिनं चादर काढली आणि बैल गुंडाळायला घेतला. "पुढच्या पोळ्याले तूच लावजो. वरतूनच लावजो पन!"

"वरतूनच," ताई म्हणाली, आणि मग त्या दोघी हसल्या.

आजीनं ती गोष्ट गावोगावी तिच्या पद्धतीनं सांगितली. पवनीच्या पोरीनं आमचा बैल उपाशी मारला आणि मग रोज थोडं थोडं चारून उभा केला, अशी. बाजारानं आधी एक गोष्ट पसरवली होती, आता दुसरी पसरवली. पोळा होऊन गेला तरी लोक येत राहिले. कोणी लाकडी पाळणा आणला, कोणी देवाच्या पालखीचा सिंह. ताई आता कशालाही हात लावण्याआधी घरच्या माणसांना बसवून विचारते, ह्यातलं काय राहू द्यायचं? एका देवळाच्या मंडळींना जुनी मूर्ती सोनेरी स्प्रेनं चमकवायची होती. तिनं नाही म्हटलं, काम गेलं. सगळीच कामं मिळत नाहीत, आणि काही महिने कोरडे जातात. पण शाळेच्या मुख्याध्यापकांनी रेखाकला परीक्षेला बसणाऱ्या मुलांना शिकवायला तिला बोलावलं आहे, त्यामुळे आठवड्याचे काही दिवस बांधलेले असतात. दुपारी ती स्वतःची चित्रं काढते. हात शाबूत आहे.

तू विचारलंस म्हणून माझं मत लिहिते. त्या चार वर्षांनी तिला थर वाचायला, तेल मळायला, कड सांभाळायला शिकवलं. ते कामी आलं, आणि दुसऱ्या कशानं आलं नसतं. ते कुणाच्या काय कामी येईल, हे मात्र कॉलेज सांगू शकलं नाही आणि माझी इंग्रजी पत्रंही सांगू शकली नाहीत. त्यासाठी तिला आसगावच्या ओसरीवर जाऊन बसावं लागलं. तुझ्या आईला हे वाचू दे. तिची काळजीही माझ्या पुतण्यासारखीच खरी आहे.

मग दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाला आमच्या दुकानात धंद्याची अवजारं पाटावर मांडतात. कापड मोजायचा लोखंडी गज, कात्री, तराजू. एका कोपऱ्यात पणजोबांचा धोटा असतो, माग गेला तरी. संध्याकाळी मी आणि ताई दुकानात गेलो, तेव्हा पुतण्या सोवळं नेसून पाटापुढे बसला होता आणि समई लावून झाली होती. दिवाळीची मुदत आज संपत होती, पण भंडाऱ्याच्या क्लासचं अजून कोणीच काढलं नव्हतं.

त्यानं मान वर केली. "काहून वो, तुये ब्रश कुठं आहेत? धुऊन आन. पूजा खोळंबली."

ती चपला न घालता घरी पळाली. परत आली तेव्हा हातात दोन ब्रश होते, चांगल्यातले, पुसून आणलेले.

पुतण्यानं ते पाहिले आणि पाटावरचा गज उचलून जरा पलीकडे सरकवला.

"सारे आन," तो म्हणाला.